बदलीवरचे आप्पा

२०२५ पर्यंत लागू असलेला १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा इंग्रजीत होता. त्याच्या २५-सी या कलमाखाली एक स्पष्टीकरण होतं आणि त्यात आपल्याकडचा एक शब्द, इंग्रजी प्रतिशब्द न शोधता, तसाच ठेवला होता : 'बदली'. हजेरीपटावर नाव असलेल्या दुसऱ्या कामगाराच्या जागी जो काम करतो तो बदली कामगार. मात्र त्याने एका वर्षाची सलग सेवा पूर्ण केली, की या कलमापुरतं त्याला बदली समजायचं नाही. सलग सेवेचं वर्ष म्हणजे व्यवहारात कामाचे २४० दिवस. कामगारांचे खटले चालवणाऱ्या एका वकिलांकडे मी कारकून म्हणून लागलो, तेव्हा हे कलम पहिल्यांदा टाइप केलं. डोळ्यांपुढे आप्पा होते. या व्याख्येत नेमका बसणारा हा माणूस कित्येक वर्षं आमच्या घरी जेवला. मी शिकलो, टाइपरायटरपर्यंत पोचलो, ते त्यांच्यामुळे.

मुंबईच्या गिरणगावात हा शब्द पोरासोरांच्याही तोंडी असे. सरकारी नोकराची बदली होते तेव्हा त्याची नोकरी पक्की असते, फक्त गाव बदलतं. गिरणीतल्या बदलीचं गाव एकच, फाटक एकच. साचा, म्हणजे माग, मात्र रोज दुसऱ्याचा. 'आज बदली लागली', 'दोन दिवस बदली नाही', 'तो अजून बदलीवरच आहे' अशी वाक्यं चाळीच्या जिन्यात ऐकू येत. सोयरीक जमवताना मुलाचं शिक्षण नंतर विचारत, आधी विचारत, "कायम आहे की बदली?" उत्तर 'बदली' आलं, की बोलणं पुढे सरकायला वेळ लागे.

पहिली पाळी सकाळी सातची. बदलीवाले त्याच्या आधी फाटकावर उभे. भोंगा वाजला, कायम माणसं आत गेली, की खात्याखात्यातून निरोप येई : इतके खाडे. तितकी माणसं आत घेत, बाकीची परत. परतलेले साडेतीनच्या पाळीला पुन्हा येऊन उभे राहत, आणि त्यांतले काही रात्री बाराच्या पाळीलाही. कोणाला आत घ्यायचं हे एके काळी सर्वस्वी जॉबरच्या, म्हणजे खात्यातल्या मुकादमाच्या, हाती होतं. हात ओला केल्याशिवाय आत जाता येत नसे. त्यावर उपाय म्हणून १९३५ साली मुंबईच्या गिरणी मालक संघाने बदली-नियंत्रणाची पद्धत आणली. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक लोकांना बदलीचं कार्ड द्यायचं, त्यांनी रोज सकाळी हजर राहायचं आणि पडलेले खाडे त्यांच्यातूनच भरायचे. आप्पांच्या काळापर्यंत कार्डं होती, आणि जॉबरची मर्जीही होती.

आप्पा साताऱ्याकडचे, माण तालुक्यातले. आम्ही चिपळूणकडचे. आईची घरगुती खानावळ होती. दहा-बाराच्या खोलीत सकाळ-संध्याकाळ पंगत बसे. जेवणाऱ्यांना 'मेंबर' म्हणत. बहुतेक मेंबर कायम, पगार झाला की महिन्याचे पैसे आणून देणारे. आप्पा त्यात वेगळे. त्यांची मिळकत दुसऱ्यांच्या गैरहजेरीवर चाले. शिमग्याला कोकणातली माणसं गावी गेली, वैशाखात घाटावरची जत्रेला गेली, मे महिन्यात लग्नं निघाली, गणपती आले, की आप्पांना रोज काम. पगाराच्या पाठोपाठ चार-आठ दिवस खाडे वाढत, तेव्हाही बरं चाले. एरवी आठवड्यातून दोन-तीन पाळ्या मिळाल्या तर मिळाल्या. आई त्यांचं खातं सणांच्या हिशोबाने चालवी. "शिमग्याला फिटेल," असं म्हणून पान वाढायची. आप्पा रागीट होते, मटक्याचा आकडा लावायचे, त्यावरून आई त्यांना ऐकवायची. पण शिमग्याला फिटायचं.

वडील साचेखात्यात कायम होते. चार साचे त्यांच्याकडे. १९७५ च्या आसपास त्यांचा खोकला हटेना, संध्याकाळी ताप येऊ लागला आणि एक दिवस थुंकीतून रक्त पडलं. छातीचा फोटो काढला. टीबी. ईएसआयच्या, म्हणजे कामगार विमा योजनेच्या, डॉक्टरांनी शिवडीच्या हॉस्पिटलात धाडलं. तेव्हाचा उपचार लांबलचक होता, रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन, जोडीला मूठभर गोळ्या, आणि हे सगळं वर्ष-दीड वर्ष. बरं वाटू लागलं म्हणून मध्येच औषध सोडणारे पुष्कळ असत आणि तेच पुन्हा खाटेवर येत.

आजाराचं नाव चाळीत फुटलं आणि खानावळ बसली. मेंबर वाईट नव्हते. त्यांचीही गावाला लहान मुलं होती. कोणी म्हणालं, गाववाल्यांच्या गाळ्यात सोय झाली. कोणी काही न बोलता पैसे चुकते करून गेलं. आप्पा दुसऱ्या दिवशी आले ते स्वतःची थाळी आणि तांब्या घेऊन. "वहिनी, ह्यात वाढा. माझं मी घासून नेईन." आईला ते लागलं. पण पंगतीला येणारा माणूस आता तो एकच उरला होता. पुढे बरेच दिवस मी पाहिलं, जेवण झालं की आप्पा मोरीत बसून राखेने थाळी घासत आणि पिशवीत घालून नेत. भीती त्यांना होतीच. तिच्यासकट ते येत राहिले.

गिरणीतही तीच भीती होती, आणि तिथे तिला कारण होतं. आडव्याची कांडी संपली, की विणकर धोट्यात नवी भरतो आणि तिचं सूत धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढतो. जुन्या साच्यांवर पुष्कळ विणकर ते तोंडाने ओढून घेत. भोकाला ओठ लावायचे आणि श्वास आत घ्यायचा. पाळीत हे किती वेळा होई त्याला गणती नाही. तीन पाळ्यांचे तीन विणकर त्याच धोट्यांना ओठ लावत. वडिलांच्या जागी लांबची बदली निघाली, म्हणजे सलग कित्येक महिन्यांचं काम, बदलीवाल्याला लॉटरीच. तरी कार्डवाल्यांत पुढचे दोघे-तिघे मागे सरले. टीबीवाल्याचे साचे नकोत. आप्पा म्हणाले, "मला द्या." त्यांनी तारेचा एक आकडा वाकवून घेतला, सूत त्याने बाहेर काढायचं. वेळ जास्त लागे. मजुरी उतरलेल्या कापडावर, म्हणजे वेळ गेला की पैसे गेले. खात्यातले लोक हसत. आप्पांनी आकडा सोडला नाही.

रविवारी ते शिवडीला येत. आई, मी आणि ते. आई डबा उघडायची, वडील दोन घास खाऊन मान फिरवायचे. मग आप्पा खाटेपासून हातभर लांब स्टूल ओढून बसत आणि साच्यांचं सांगू लागत.

"दादा, तीन नंबर लई ताणा तोडतोय."

वडील डोळे मिटूनच विचारत, "कुठल्या अंगाला?"

"उजव्या."

"धोटा उजवीकडे आदळत असेल. पिकर बघ, खाल्लेला असेल. जॉबरला सांग, म्हणावं बदलून दे. नाही दिला तर डॅमेज तुझ्या नावावर पडेल."

पुढच्या रविवारी आप्पा बातमी आणत : पिकर बदलला, तीन नंबर आता गप आहे, पण एक नंबर रुसलाय. वडील उशीला टेकून बसत. एक नंबरची खोड त्यांना ठाऊक असे. पावसाळी हवेत तो असाच करतो, त्याला अमुक करायचं. बोलता बोलता डबा संपे. घरी जाताना आई म्हणे, "ह्यांना माझ्याशी बोलायला दम लागतो, साच्यांबद्दल बोलायला लागत नाही." लहान असताना मला वाटे, आप्पांना काम येत नाही म्हणून ते विचारायला येतात. ते चांगले विणकर होते. खात्यात त्यांना कोणालाही विचारता आलं असतं. आठवडाभर त्या चार साच्यांवर उभं राहून ते वडिलांसाठी अडचणी जमवून आणत होते, हे मला फार पुढे कळलं. शेजारच्या खाटांवरची माणसं हळूहळू स्वतःला आजारी म्हणूनच ओळखू लागली होती. वडील शेवटपर्यंत रजेवर असलेले विणकर राहिले.

कायद्याने वडिलांची जागा सुरक्षित होती. ईएसआयचा आजारभत्ता चालू असताना कामगाराला काढता येत नसे, तसं ईएसआय कायद्याच्या ७३ व्या कलमातच होतं. पण कामगाराने स्वतःहून जागा सोडली तर कायदा काय करणार? एका संध्याकाळी खात्यातला एक माणूस घरी आला. वडील तेव्हा हॉस्पिटलातून घरी आले होते, इंजेक्शनं चालू होती. त्याने समजूतदारपणे मांडलं. राजीनामा द्या, हिशोब घ्या. तुमच्या जागेवर जो आहे त्याचे २४० दिवस भरत आलेत, त्यालाच कायम करून घेऊ. तो तुम्हाला वरती काही रक्कम देईल. गिरण्यांत अशा जागा हातोहात जात, त्यात कोणाला नवल वाटत नसे. आमच्यावर तेव्हा वाण्याची उधारी होती, पतपेढीचं कर्ज होतं, आईच्या पाटल्या गेल्या होत्या. वडील म्हणाले, "आप्पाला मिळत असेल तर देतो." आईने देवापुढे दिवा लावला.

आप्पांकडेही निरोप गेला होता. त्यांच्या गावाकडच्या भावाने जमिनीचा तुकडा गहाण टाकायची तयारी केली होती. घरातला एक जण मुंबईत कायम झाला म्हणजे पोराबाळांचं भलं. दोन्ही घरं राजी होती, फक्त सही बाकी. आप्पा आले, थाळी काढली, जेवले, आणि हात धुताना आईला म्हणाले, "वहिनी, दादांचं औषध चालू हाय. औषध चालू असलेल्या माणसाचा हिशोब करत न्हाईत."

आई भडकली. तिच्या दृष्टीने हातातोंडाशी आलेला पैसा या माणसाने लाथाडला होता. कितीतरी दिवस ती त्यांच्याशी धड बोलली नाही. जेवण वाढायची, पण पुन्हा वाढू का असं विचारायची नाही. आप्पांचा भाऊ मुंबईला येऊन भांडून गेला. हा माणूस आपल्यावर उपकार करतोय असं त्या खोलीत तेव्हा कोणालाच वाटलं नव्हतं. मलाही नाही, कारण त्या वर्षी मला शाळेची नवी पुस्तकं मिळाली नव्हती.

वडिलांचं औषध पूर्ण झालं. फोटो स्वच्छ आला, डॉक्टरांनी कामावर जाण्यास योग्य म्हणून दाखला दिला. त्या दिवशी पाळी सुरू होताना आप्पा साच्यांपाशी उभे होते. चारही साच्यांवर अर्धवट विणलेलं कापड होतं. त्यांनी प्रत्येकावर खडूने रेघ मारली. इथपर्यंत माझं, इथून पुढे दादांचं. मजुरी त्या रेघेवरून लागणार होती. तारेचा आकडा साच्याच्या खिळ्याला अडकवला आणि ते फाटकाबाहेर आले. दुसऱ्या दिवशी सातच्या आधी बदलीवाल्यांच्या रांगेत होते. वडील सांगत, चारही साच्यांना तेलपाणी वेळेवर झालं होतं आणि इतक्या महिन्यांत डॅमेजचा दंड नावालाच होता. परक्याच्या साच्यावर कोणी इतकं करत नाही. त्या आकड्याचं मात्र वडिलांनी ऐकलं. पुढे सूत कधी तोंडाने ओढलं नाही.

मेंबर हळूहळू परत आले, खानावळ पुन्हा भरली. आप्पा आणायचे ती थाळी एक दिवस आईने काढून घेतली आणि फळीवर आमच्या ताटांत लावली. त्यांच्यातलं भांडण तिथे मिटलं. आईने माफी मागितली नाही, आप्पांनी उकरून काढलं नाही.

वडिलांच्या त्या पगारावर मी १९८१ मध्ये दहावी झालो. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या मागण्यांत पगारवाढ होती, रजा होत्या, घरभाडं होतं, आणि बदली कामगारांना कायम करा हीही मागणी होती. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आप्पा पहिल्या दिवसापासून संपात होते. आई म्हणाली, "तुम्ही कायम नाही, तुमचा संप कसला? तुम्हाला रोजचाच संप." आप्पा हसले. म्हणाले, "सगळेच खाडा करून बसलेत, बदली कोणाच्या जागेवर लागणार?" काही महिन्यांत गाळे रिकामे झाले, माणसं गावोगाव पांगली. आप्पा माणला गेले ते गेलेच. तिथे रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होते. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, आणि गिरण्या अर्ध्यामुर्ध्या चालू झाल्या तेव्हा कायम माणसांनाच काम नव्हतं. बदलीची वाट पाहणारी फाटकावरची रांग पुन्हा लागली नाही.

वडिलांना काही वर्षांनी हिशोब मिळाला, ग्रॅच्युइटी आणि फंड. त्यातून कर्ज फिटलं, बहिणीचं लग्न झालं. आप्पांना काय मिळणार होतं, ते मी वकिलांकडे लागल्यावर शोधलं. सोलापूरच्या लक्ष्मी विष्णू मिलच्या कामगारांचा एक दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १९८१ च्या त्या निकालात ठरलं, की बदली कामगाराला ग्रॅच्युइटी द्यायची ती ज्या वर्षी त्याने प्रत्यक्ष २४० दिवस काम केलं त्या वर्षापुरतीच. आप्पांच्या आयुष्यात असं भरलेलं वर्ष एकच सापडलं, आमच्या वडिलांच्या आजाराचं. बाकीची वर्षं दुसऱ्यांच्या शिमग्यांत आणि जत्रांत सुटी-सुटी झाली होती. ती जागा त्यांनी घेतली असती तर संपापर्यंत पाच-सहा वर्षांची कायम नोकरी त्यांच्या नावावर लागली असती आणि पाच वर्षांची सलग सेवा ग्रॅच्युइटीला पुरते. आमच्याकडे आलेले पैसे मला ठाऊक होते. त्यांच्याकडे न गेलेले पैसे त्या दिवशी कागदावर मांडले. साहेबांनी विचारलं, कोणाची केस आहे? मी म्हणालो, घरची.

गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज भरून घ्यायला सुरुवात झाली तेव्हा मी माणला गेलो. संपाच्या वेळी गिरणीच्या पटावर होतो असा काहीतरी पुरावा लागणार होता; बदलीचं कार्ड, ईएसआयचं कार्ड, पगाराची चिठ्ठी, काहीही. आप्पा ओट्यावर बसले होते. पत्र्याची पेटी त्यांनी उघडू दिली नाही. "मुंबईत आता माझ्यासाठी कोण खाडा करतंय? कशाला येऊ?" म्हणाले. सुनेने चहा आणला. मी बरीच वर्षं मनात ठेवलेलं विचारलं : तेव्हा जागा का नाही घेतली?

ते चिडले. "देव बनवू नको मला. तुझा बाप मेला असता तर घेतली असती की. दुसऱ्या दिवशी घेतली असती." मग थोडं थांबून म्हणाले, "बदलीवाला कोणीतरी गैरहजर राहावं म्हणून सकाळी उठतोच. ते मी केलं. पण आज अमका जत्रंला जावा म्हणणं निराळं, आणि दादांना उद्या फोटोत डाग दिसावा म्हणणं निराळं. सही करून बसलो असतो तर रोज तेच म्हणावं लागलं असतं. तुमच्याच घरी जेवत होतो मी."

मी अर्ज तसाच परत आणला. त्यांनी जे सांगितलं त्यात उपकाराचा शब्द नव्हता. दुसऱ्याच्या खाड्यावर जगणारा माणूस आपल्या इच्छेला कुठे अडवायचं हे पाहत होता आणि त्याची किंमत स्वतः भरत होता. कायद्याच्या स्पष्टीकरणात बदलीने जागा भरायची एवढंच होतं. भरलेली जागा मूळ माणसासाठी तशीच राखायची, हे आप्पांनी आपल्या मनाने वाढवलेलं कलम होतं. ते पाळलं जाईल याची हमी कोणाकडे नव्हती, आणि तरीही आमच्या चौघांचं जेवण त्यावर अवलंबून होतं. आता कोणी दीर्घ आजारातून उठून कामावर परत आलं, की त्याच्या जागी बसलेल्याने काय काय नीट ठेवलं आहे ते मी आधी पाहतो. बहुतेक वेळा कोणाच्या लक्षातही न आलेलं काहीतरी सापडतं.

आप्पा जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांची नात एम.ए. झाली, एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. जितके तास घेतले तितकं मानधन, वर्ष संपलं की नेमणूक संपली, जूनमध्ये पुन्हा मुलाखत. मध्यंतरी तिचा फोन आला. अनुभवाचा दाखला हवाय, आधीच्या वर्षांची सेवा धरतील का, काका, तुम्हाला कायद्याचं कळतं. मी तिला तारखा विचारल्या. कुठल्या वर्षी किती तास, नेमणुकीचं पत्र कोणाच्या सहीचं, हजेरीची नक्कल आहे का. मला येतं ते एवढंच, अर्ज लिहिणं, आणि तेही जी जागा तिच्या आजोबांनी घेतली नाही तिच्या पगारावर शिकलेलं. पहिल्या वर्षाचं पत्र सापडत नाही म्हणाली. शोध म्हटलं, नाही सापडलं तर महाविद्यालयाकडे प्रत मागायचा अर्ज मी आज रात्री लिहून पाठवतो.